गणिताच्या गमतीची पुस्तकं: सुरुवात कुठून आणि कशी करायची

पुस्तक विकत घेण्याआधी एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. गणिताची गंमत सांगणारी पुस्तकं कादंबरीसारखी पडून वाचता येत नाहीत, आणि तशी वाचायला गेलेली बरीच मंडळी तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास थांबतात. ज्यांचा गणिताशी संबंध शाळेबरोबरच संपला, ज्यांना आपल्याला हा विषय आवडतो की नाही हेसुद्धा नक्की सांगता येणार नाही, अशा मोठ्या माणसांसाठी मी हे लिहितोय. मुलांसोबत काहीतरी करून बघायचं आहे अशा पालकांनाही ते उपयोगी पडेल. सूत्रं आठवत नसली तरी चालेल. बेरीज, वजाबाकी आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागतं.

पहिली पायरी: पुस्तकाआधी एक संख्या

कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. मी १९०५ घेतो. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. मोठीतून लहान वजा करा: ९३५१. आता ९३५१ वर हेच करा. ९५३१ मधून १३५९ गेले, उरले ८१७२. पुढे ८७२१ उणे १२७८, म्हणजे ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. आणि मग ७६४१ उणे १४६७, म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया करा. पुन्हा ६१७४ च येते. गाडी इथे थांबते.

तुमच्या जन्मसालाने सुरुवात करा, गाडीच्या नंबराने करा, सात वजाबाक्यांच्या आत तुम्ही ६१७४ वर पोचणारच. शून्य आलं तर ते गाळायचं नाही, चार अंक कायम ठेवायचे. नवख्यांचं घोडं हमखास इथेच अडतं.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संशोधनाची नोकरी नाही, हाताशी मोठं ग्रंथालय नाही, पण संख्यांचा नाद मात्र आयुष्यभर. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या या मास्तरांचं नाव जगभर पोचलं.

पण इथे थांबू नका. असं का होतं, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि थोडा वेळ त्याच्यापाशी बसा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक किती, आणि मधल्या दोन अंकांमधला फरक किती, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकीचं उत्तर ठरतं. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. ९५१० मध्ये पहिला फरक ९, दुसरा ४. ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१. जुळलं. असे दोन फरक मिळून फक्त ५४ जोड्या होतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांमध्ये येऊन बसतात, आणि ५४ उत्तरं हाताने तपासणं हे एका संध्याकाळचं काम आहे. जगाला चकित करणाऱ्या गोष्टीची खातरजमा आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करू शकतो. या पुस्तकांची खरी चव ही आहे, आणि ती एकदा चाखली की पुढची निवड सोपी होते.

दुसरी पायरी: आपला स्वभाव ओळखून पहिलं पुस्तक निवडा

वरचा खेळ करताना तुम्हाला नेमकं काय आवडलं? संख्यांच्या उड्या, त्यामागचं कारण, कापरेकरांची गोष्ट, की कोणाला तरी ‘तू कर बघू’ म्हणून दाखवण्यातली मजा? पहिलं पुस्तक यावरून ठरवा. ‘जगातली सर्वोत्तम’ अशा याद्यांवरून ठरवू नका.

संख्या आवडल्या असतील आणि मराठीतच वाचायचं असेल, तर मंगला नारळीकर यांचं ‘गणितगप्पा’ आधी घ्या. त्या स्वतः संशोधक होत्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या, पण लिहिताना समोर शाळकरी मूल बसलंय असं समजून लिहितात. वाक्यं छोटी, उदाहरणं घरातली. मराठी माध्यमात शिकलेल्यांना परिभाषा आपली वाटते, ही यातली मोठी सोय आहे. त्यांनी आणि जयंत नारळीकरांनी मिळून लिहिलेलं ‘फन अँड फंडामेंटल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे इंग्रजी पुस्तक त्याच्या पुढच्या टप्प्यावर ठेवा.

याच वाटेवरचे दुसरे लेखक म्हणजे याकोव्ह पेरेलमन. ‘मॅथेमॅटिक्स कॅन बी फन’ आणि ‘अल्जिब्रा कॅन बी फन’ ही त्यांची दोन पुस्तकं मॉस्कोच्या मिर प्रकाशनाने इंग्रजीत आणली आणि सोव्हिएत काळात ती भारतात अगदी स्वस्तात मिळत. आपल्याकडच्या अनेक इंजिनिअर आणि शिक्षकांच्या कपाटात ती अजून सापडतील. पेरेलमन यांना रोजच्या जगण्यातली मोठी संख्या पकडण्याची हातोटी होती. अफवेचं उदाहरण घ्या. एक माणूस गावात बातमी घेऊन येतो आणि पाव तासात तिघांना सांगतो. ते तिघे पुढच्या पाव तासात प्रत्येकी आणखी तिघांना सांगतात, आणि असंच पुढे. कागदावर मांडा: १, मग ४, मग १३, मग ४०, १२१, ३६४. दहा फेऱ्या झाल्या, म्हणजे अडीच तास झाले, की ८८,५७३ माणसांना बातमी कळलेली असते. सकाळी आठला सुटलेली अफवा साडेदहाला अख्ख्या शहरात. घातांकाचं सूत्र पाठ करून जे समजलं नव्हतं ते इथे अंगावर येतं. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात पेरेलमन उपासमारीने गेले. त्याआधी त्याच शहरात त्यांनी सामान्य लोकांसाठी ‘मनोरंजक विज्ञानाचं घर’ उभं केलं होतं.

आकड्यांचीच धास्ती असेल, तर तर्काच्या वाटेने या. या वाटेवर बेरीजसुद्धा लागत नाही. रेमंड स्मलियन हे तर्कशास्त्रज्ञ, जादूगार आणि पियानोवादक. १९७८ सालचं त्यांचं ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही झेपतं, कारण वाक्यं दोन ओळींच्या वर जात नाहीत. त्यांच्या बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात: कायम खरं बोलणारी आणि कायम खोटं बोलणारी. त्या धर्तीचं एक कोडं इथेच सोडवून बघा. सदू आणि मधू समोर उभे आहेत. सदू म्हणतो, “आम्ही दोघं एकाच प्रकारचे आहोत.” कोण कसा?

पुढे वाचण्याआधी डोकं खाजवा. सदू खरं बोलत असेल तर दोघं एकाच प्रकारचे, म्हणजे मधूही खरं बोलणारा. सदू खोटं बोलत असेल तर दोघं वेगळ्या प्रकारचे, म्हणजे सदू खोटारडा आणि मधू पुन्हा खरं बोलणारा. बोलला सदू, पण त्याच्याबद्दल आपल्याला काहीच कळलं नाही. गप्प उभ्या असलेल्या मधूबद्दल मात्र शंभर टक्के खात्री झाली. अशा कोड्यांचा हात धरून स्मलियन तुम्हाला पुस्तकाच्या शेवटी गोडेलच्या प्रमेयाच्या, म्हणजे गणितात काही खरी विधानं सिद्धच करता येत नाहीत असं सांगणाऱ्या निष्कर्षाच्या दारापर्यंत आणतात. तो शेवटचा भाग अवघड आहे. पहिल्या वाचनात सोडून दिलात तर काहीही बिघडत नाही.

गोष्टीत रमणाऱ्यांसाठी ब्राझीलच्या मल्बा ताहान यांचं ‘द मॅन हू काउंटेड’ आहे. लेखकाचं खरं नाव जुलिओ सेझार द मेलो इ सौझा. ते रिओचे गणित शिक्षक होते, आणि त्यांचा ६ मे हा जन्मदिवस ब्राझीलमध्ये गणित दिन म्हणून पाळला जातो. १९३८ सालच्या या पुस्तकात बगदादकडे निघालेला एक हिशेबनीस वाटेत लोकांचे तंटे सोडवतो. तीन भावांना ३५ उंट वाटून घ्यायचे आहेत: थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. हिशेब बसत नाही. हा गडी आपल्या सोबत्याचा उंट त्यात घालतो, ३६ करतो आणि १८, १२, ४ असे वाटून देतो. प्रत्येकाला अपेक्षेपेक्षा जास्त मिळतं, तरी ३४ च उंट खर्ची पडतात. एक उंट परत सोबत्याचा, आणि एक वाटणी करून दिल्याबद्दल हिशेबनिसाचा. हे कसं जमलं ते शोधायचं असेल, तर निम्मा, तिसरा आणि नववा हे हिस्से एकत्र करून बघा. बेरीज पूर्ण एक होत नाही.

याच वाटेवर आपली ‘लीलावती’ आहे. भास्कराचार्यांनी ती ११५० साली लिहिली, आणि त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रीच्या फुलावर, या दोहोंच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत भिरभिरत राहिला, तर एकूण भुंगे किती? पंधरा. तीन, पाच, सहा आणि एक. गणित घालणाऱ्याला भुंगा आणि फूल दिसत होतं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मराठीत ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ हाताशी ठेवून वाचा. संस्कृत येत नसलं तरी अडत नाही.

दहा-बारा वर्षांचं मूल बरोबर असेल तर हान्स माग्नुस एन्त्सेन्सबेर्गर या जर्मन कवीचं ‘द नंबर डेव्हिल’ घ्या. गणिताचा तिटकारा असलेल्या रॉबर्टच्या स्वप्नात बारा रात्री एक छोटा सैतान येतो आणि त्याला संख्या शिकवतो. रोज रात्री एक प्रकरण, हा बेत त्यामुळे आयताच जमतो.

आणि ज्यांना खेळायचं आहे, त्यांच्यासाठी गार्डनर. त्यांच्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी: वाचायची रीत

एका बैठकीत एकच कोडं. दोन झाली तरी हरकत नाही, पण दहा नकोत. कोडं वाचलं की पुस्तक मिटा. उत्तराचं पान लगेच उलटायचं नाही. तासभर झाला, काही सुचलं नाही, तर कोडं तसंच डोक्यात घेऊन भाजी आणायला जा. अडकून राहणं हा या वाचनाचा सगळ्यात चांगला भाग आहे. शाळेने आपल्याला त्याची लाज वाटायला शिकवलं, कारण तिथे घड्याळ होतं आणि गुण होते. इथे दोन्ही नाहीत.

अडल्यावर तीन गोष्टी कराव्यात. आकडे लहान करून तेच कोडं सोडवावं: शंभराऐवजी तीन, तीनाऐवजी एक. चित्र काढावं. किंवा चिंचोके, बटणं, काड्या असं काहीतरी हातात घेऊन कोडं प्रत्यक्ष मांडावं. यातली तिसरी युक्ती मोठ्यांना पोरकट वाटते, पण तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो असं माझं ठाम मत आहे.

दोन दिवसांनीही सुटलं नाही तर उत्तर बघा, मात्र पहिली ओळच. बहुतेक वेळा तेवढ्या सूचनेवर बाकीचं आपलं आपल्याला जमतं. आणि उत्तर कळल्यावर ते घरातल्या कोणाला तरी आपल्या शब्दांत समजावून सांगा. सांगताना जिथे अडखळाल, तिथेच ते आपल्याला नीट कळलेलं नसतं.

क्रमाने वाचायची सक्ती कुठेच नाही. गार्डनरचं प्रत्येक प्रकरण मुळात मासिकातला स्वतंत्र लेख आहे. जे प्रकरण पकडत नाही ते सोडा.

चौथी पायरी: खेळ वाचू नका, खेळा

गार्डनर यांच्याकडे गणिताची पदवी नव्हती. शिकागो विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकले. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी कागदी पट्टीची घडी घालून केलेल्या, उलटसुलट करता येणाऱ्या षटकोनांवर एक लेख लिहिला. तो इतका गाजला की जानेवारी १९५७ पासून त्यांचं नियमित सदर सुरू झालं आणि जवळजवळ पाव शतक चाललं. त्या लेखांच्या संग्रहांची १५ पुस्तकं झाली. नवख्याने यातला पहिला संग्रह घ्यावा, किंवा त्याहून सोपं ‘आहा! इनसाइट’, ज्यात चित्रांच्या मदतीने कोडी मांडली आहेत.

गार्डनर यांनीच लोकांपर्यंत पोचवलेला एक खेळ इथे पूर्ण सांगतो. त्याला लागतो फक्त कागद. नाव स्प्राउट्स. १९६७ साली केंब्रिजमध्ये जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटरसन यांनी तो तयार केला. कागदावर दोन ठिपके काढा. आपल्या पाळीला एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ काढायची, किंवा त्याच ठिपक्याशी परत आणायची. रेघ कितीही वाकडी असू दे, पण दुसऱ्या रेघेला किंवा स्वतःला छेदता कामा नये. रेघ झाली की तिच्यावर कुठेतरी एक नवा ठिपका द्यायचा. कुठल्याही ठिपक्याला तीनपेक्षा जास्त रेघा भिडता कामा नयेत. ज्याला रेघ काढता येत नाही तो हरला.

दोन-चार डाव खेळा आणि मग विचारा: हा खेळ किती वेळ चालू शकतो? प्रत्येक ठिपक्याला तीन प्राण आहेत असं समजा. सुरुवातीला दोन ठिपके, सहा प्राण. एक रेघ दोन प्राण खाते. तिच्यावरच्या नव्या ठिपक्याला दोन बाजूंनी रेघ भिडलेलीच असते, त्यामुळे त्याच्याकडे एक प्राण उरतो. म्हणजे प्रत्येक खेळीत एकूण एक प्राण कमी. शेवटच्या खेळीनंतरही त्या नव्या ठिपक्याचा एक प्राण शिल्लक असतोच. म्हणून पाचपेक्षा जास्त खेळ्या होऊच शकत नाहीत. कुठलंही समीकरण न मांडता आपण एक सिद्धता पूर्ण केली. तीन ठिपक्यांनी सुरुवात केली तर जास्तीत जास्त किती खेळ्या, हे तुम्ही काढा. दोन ठिपक्यांच्या डावात नीट खेळलं तर दुसरा खेळणारा जिंकतो. ती युक्ती शोधायला एखादा रविवार द्या.

दुसरा खेळ हेक्स. डेन्मार्कच्या पिएट हाइन यांनी १९४२ साली आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जॉन नॅश यांनी १९४८ साली शोधलेला. षटकोनी घरांचा पट नसला तरी चालतं. चौकटीच्या वहीत प्रत्येक चौकोनात एकाच दिशेने तिरकी रेघ मारा आणि छेदबिंदूंवर चिंचोके व बटणं ठेवत जा. एकाने वरची कड खालच्या कडेला जोडायची, दुसऱ्याने डावी उजव्या कडेला. सुरुवातीला पाच बाय पाच बिंदू पुरेत. हा डाव कधीच बरोबरीत सुटत नाही, आणि अचूक खेळलं तर पहिला खेळणारा जिंकलाच पाहिजे हे नॅश यांनी दाखवलं. पटावर आपला एक चिंचोका जास्त असल्याने कधीच नुकसान होत नाही, या एका निरीक्षणावर ती सिद्धता उभी आहे. मात्र कसं खेळायचं हे ती सांगत नाही, त्यामुळे मोठ्या पटावरची मजा शाबूत राहते.

पाचवी पायरी: पुस्तकं मिळवायची कुठे

आधी फुकट मिळणारी बघा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीतली शेकडो पुस्तकं उतरवून घेता येतात, त्यात गणिताचीही आहेत. मिर प्रकाशनाची बरीच जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतात. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराचं १९१७ सालचं ‘अम्यूझमेंट्स इन मॅथेमॅटिक्स’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे, ४३० कोड्यांसह. त्याची सुरुवात मात्र पैशांच्या कोड्यांनी होते आणि ती जुन्या शिलिंग-पेन्सच्या हिशेबात आहेत. ती सोडून थेट आकृत्या कापून जोडण्याच्या आणि सोंगट्या सरकवण्याच्या कोड्यांकडे जा.

विकत घ्यायची असतील तर पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांच्याकडे चक्कर मारा. गावच्या वाचनालयात विज्ञानाच्या कपाटाबरोबर बालविभागही बघा, कारण यातली चांगली पुस्तकं अनेकदा तिथे ठेवलेली असतात. शकुंतला देवींचं ‘पझल्स टू पझल यू’ स्वस्तात आणि सहज मिळतं. कोडी छान आहेत, प्रवासात बरोबर ठेवायला उत्तम. कारणमीमांसा मात्र त्रोटक आहे, म्हणून ते एकमेव पुस्तक असू नये.

काय टाळायचं

झटपट गुणाकार, दहा सेकंदांत वर्गमूळ, स्पर्धा परीक्षेच्या क्लृप्त्या अशा पुस्तकांपासून या वाटेवर तरी दूर राहा. परीक्षा द्यायची असेल तर त्यांचा उपयोग आहे, पण ती ‘का’ हा प्रश्न विचारूच देत नाहीत. युक्ती पाठ होते, कुतूहल तिथेच संपतं. मुलांसमोर तर वेगाचा विषयच काढू नका. कोडं आधी कोणी सोडवलं याची शर्यत लावली की मागे राहिलेलं मूल पुन्हा त्या पुस्तकाला हात लावत नाही.

आणि बर्लेकँप, कॉनवे, गाय या तिघांचं ‘विनिंग वेज’ सुरुवातीलाच आणू नका. १९८२ सालचं हे पुस्तक खेळांच्या गणितातलं शिखर आहे, नाव आणि चित्रं बघून मोह होतो, पण नवख्याला ते झेपत नाही. वर्षभर वरची पुस्तकं चाळून झाली, स्प्राउट्स आणि हेक्सचे भरपूर डाव झाले, की त्याचा पहिला खंड घ्या आणि पटासह, चिंचोक्यांसह, पहिली वीस पानं महिनाभर पुरवा. तोवर एक वही ठेवा. त्यात न सुटलेली कोडी तारखेसह लिहा, उत्तरं लिहू नका. सहा महिन्यांनी ती वही पुन्हा काढली की त्यातली बरीचशी सुटतात.